टी-टॉप गळतोय? रबर सगळ्यात शेवटी

शेवरोलेच्या जुन्या कॉर्वेट स्पोर्ट्स कारचं टी-टॉप, म्हणजे दोन निघणाऱ्या पॅनेलांचं छत, गळायला लागलं की बहुतेक मालक पहिलं काम करतात ते रबराच्या पट्ट्यांचा सेट मागवण्याचं. सेट येतो, शनिवार-रविवार त्यात जातो आणि पुढच्या सरीत ड्रायव्हरचा डावा गुडघा पुन्हा भिजतो. पट्ट्या नव्या कोऱ्या, गळती तीच. मग ‘टी-टॉप म्हटलं की गळणारच’ असं म्हणून लोक सीटवर टॉवेल टाकून मोकळे होतात.

हे पटण्यासारखं नाही. पेट्रोलपंपावरच्या स्वयंचलित धुलाईयंत्रात ही गाडी घातली तर चार थेंब आत येतीलही, त्याला इलाज नाही. पण उभ्या गाडीत पाऊस येता कामा नये, आणि काम क्रमाने केलं तर येत नाही. क्रम असा: आधी दार, मग छताचं पॅनेल, मग दाराची काच आणि सगळ्यात शेवटी रबर. रबर फक्त फट भरतं. फट केवढी राहणार हे दाराच्या बिजागऱ्या, पॅनेलची बैठक आणि काचेचा कल ठरवतात.

इथलं विवेचन मुख्यतः शेवरोले कॉर्वेटच्या तिसऱ्या पिढीबद्दल, म्हणजे १९६८ ते १९८२ च्या सी-थ्रीबद्दल आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला जुन्या गाडीचा नाद लागला तर ही गाडी आवाक्यातली वाटते, कारण ती भरपूर बनली आणि तिचे बरेचसे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. उघड्या टपाची आवृत्ती १९७५ ला बंद झाली, त्यामुळे १९७६ ते १९८२ मधली कुठलीही कॉर्वेट घ्या, तिला टी-टॉप असणारच.

छताची रचना थोडक्यात सांगतो, कारण गळतीचं मूळ तिथेच आहे. निघणाऱ्या दोन पॅनेलांच्या मधोमध एक दांडा, ही कल्पना गॉर्डन ब्यूरिग या डिझायनरची. १९५१ साली त्याला तिचं पेटंट मिळालं. कॉर्वेटला आधी एकच अखंड पॅनेल द्यायचा विचार होता. पण छत काढल्यावर बॉडी पिळवटायची आणि कुरकुरायची, म्हणून मधला दांडा आला. दांड्याने पीळ कमी झाला, गेला नाही. बाहेरून फायबरग्लास आणि आत स्टीलचा सांगाडा, ज्याला तिथले लोक बर्डकेज म्हणतात, अशी ही बॉडी आहे. रस्त्यावर ती थोडी थोडी हलत राहते, आणि ती हालचाल पोटात घ्यायचं काम रबराचं. कडक झालेलं किंवा आधीच पूर्ण दबलेलं रबर ते करू शकत नाही. शिवाय दाराच्या काचेला वर चौकट नाही. काच थेट पॅनेलच्या बाहेरच्या कडेवरच्या पट्टीला टेकते. म्हणजे काच, पॅनेल आणि विंडशील्डचा खांब एका कोपऱ्यात भेटतात, आणि त्या तिघांपैकी दोघे हलणारे. गुडघ्यावरचं पाणी बहुतेक वेळा याच कोपऱ्यातून येतं.

आधी शोध

थेंब पडतो तिथेच भोक असतं असं समजू नका. पाणी ट्रिमच्या मागून, खांबाच्या आतून, वायरींच्या जुडग्यावरून वाट काढतं. म्हणून आधी आतलं उघडा. विंडशील्डच्या खांबांवरची ट्रिम, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या आणि पायाजवळची बाजूची कव्हरं काढा, गालिचा उचलून मागे दुमडा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा. पहिला थेंब कागदावर लगेच दिसतो.

आता बागेची नळी घ्या. तोंडाला नोझल नको, प्रेशर वॉशर तर अजिबात नको. नळी उभी धरल्यावर पाणी पाच-सात सेंटीमीटर उसळेल एवढाच जोर ठेवा. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. सुरुवात खालून करायची: आधी वायपरजवळची जाळी, मग विंडशील्डची खालची कड, तिच्या बाजू, वरची कड, त्यानंतर काच आणि पॅनेलची रेघ, पॅनेलची पुढची कड, मधला दांडा, मागची कड आणि शेवटी मागची काच. प्रत्येक जागी पाच मिनिटं. घाई करून वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कशातून आत आलं ते कळत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होतो तो इथे.

पाण्याने उत्तर मिळालं नाही तर साबण वापरा. काचा बंद, हवा बाहेरून घेण्यावर, पंखा सगळ्यात वेगात. मग सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावा. आतली हवा जिथून बाहेर पडते तिथे बुडबुडे येतात. दोन-चार ठिकाणी बुडबुडे येणं साहजिक आहे. सलग बोटभर लांबीत आले तर तिथे रबर टेकतच नाही.

तिसरी परीक्षा कागदाची. तीन सेंटीमीटर रुंद पट्टी काच आणि रबराच्या मध्ये ठेवून दार बंद करा आणि ओढून पाहा. ओढताना अडखळली पाहिजे, पण फाटता कामा नये. दर दहा सेंटीमीटरवर हे करा आणि जिथे कागद सुळकन निघतो तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. शेवटी टेपचे तुकडे पाहूनच बरंच कळतं. पुढच्या कोपऱ्यात सैल आणि मागे घट्ट असेल तर काच किंवा दार कललेलं आहे. सगळीकडे सारखं सैल असेल तर रबर दबून चपटं झालं आहे किंवा काच पुरेशी आत झुकत नाही.

ज्यात छताचा दोष नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मी डोकेदुखी इथली असते. वायपरखालच्या पोकळीत पानं साचली की तिची निचऱ्याची भोकं बुजतात. पाणी चढतं आणि हवेच्या मार्गाने आत बसलेल्याच्या पायाशी उतरतं. पोकळीच्या दोन्ही टोकांची भोकं तारेने मोकळी करा आणि बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का बघा.

दारात पाऊस जाणं हे तर ठरलेलंच आहे. काचेच्या तळाशी जी पट्टी असते ती सगळं पाणी अडवत नाही. आत गेलेलं पाणी दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना आहे. भोकं बुजली, किंवा दाराच्या आतल्या पत्र्याला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा कुणीतरी काच दुरुस्त करताना फाडून तसाच टाकला, की गालिच्याची दाराकडची कड ओली होते आणि दोष मात्र छताच्या माथी येतो. पडदा जाड प्लॅस्टिकचा कापून ब्यूटिलच्या (चिकट रबराच्या) दोरीने पुन्हा चिकटवता येतो. खर्च नगण्य.

सगळ्यात वाईट शक्यता विंडशील्डच्या चौकटीची. स्टेनलेस ट्रिमच्या खाली पाणी साचून वरचे कोपरे आणि खांबांचे तळ गंजतात. पायाजवळची कव्हरं काढल्यावर आत गंजाचे पापुद्रे पडलेले दिसले तर कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की, आणि ते बऱ्याच वर्षांपासून. अशा वेळी रबराला हात लावू नका. काच काढावी लागेल, गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल, प्रायमर आणि युरेथेन या चिकट सीलंटने काच परत बसवावी लागेल. वरून सिलिकॉन थापून हे झाकणारे विक्रेते आहेत. गाडी घेण्याआधीच ही कव्हरं काढून बघायचा आग्रह धरा. नकार मिळाला तर तेही एक उत्तरच आहे.

सीटमागच्या कप्प्यांत पाणी सापडलं तर मागची काच आणि पॅनेलची मागची कड या दोघांवर संशय घ्या. तिथेच बॅटरी असते, त्यामुळे त्या पाण्याकडे दुर्लक्ष करू नका.

दार, पॅनेल, काच

दार अर्धं उघडा आणि मागचं टोक हाताने वर उचला. खडखड जाणवली तर बिजागरीच्या पिना आणि बुश झिजले आहेत. या गाडीची दारं लांब आणि जड असतात, झिजणारच. पिना-बुश बदलल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, कारण दार खाली लोंबलं की काचही तेवढीच मागे कलते आणि नेमका पुढचा कोपरा उघडा पडतो. मग स्ट्रायकर, म्हणजे दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो बॉडीवरचा खुंट, असा लावा की दार बंद होताना ना वर उचललं जाईल ना खाली दाबलं जाईल. दाराभोवतीची फट वरून खालपर्यंत सारखी दिसली की दाराचं काम संपलं.

पॅनेलच्या बाबतीत पहिला प्रश्न असा, की ती याच गाडीची आहेत का? फायबरग्लासची पॅनेल एकासारखी दुसरी तंतोतंत नसते. दुसऱ्या गाडीवरून आलेली पॅनेल बसते, पण एका कोपऱ्यात उठून राहते. जुनं रबर पूर्ण काढून पॅनेल नुसतं ठेवून बघा. रबराविना चारही कोपरे किती अंतरावर राहतात ते मोजा आणि लिहून ठेवा. लॅच फिरवताना शेवटच्या टप्प्यात हाताला जोर लागला पाहिजे. सैल फिरत असेल तर लॅचची घरं सरकवून किंवा खाली शिम (पातळ चकती) घालून ओढ वाढवा. लॅच सैल असताना गाडी उभी असेपर्यंत सगळं ठीक वाटतं. महामार्गावर छतावरून जाणारी हवा पॅनेल वर ओढते, आणि फक्त चालत्या गाडीत येणारं पाणी बहुधा इथूनच येतं. १९७८ पासून काचेची पॅनेलही पर्याय म्हणून मिळू लागली. त्यात काच आणि चौकटीचा जोड सुटतो. पाणी रबराच्या आतल्या बाजूने येतंय असं दिसलं तर तो जोड युरेथेनने पुन्हा भरावा लागतो.

काच जुळवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात किचकट काम. आतलं दाराचं कव्हर काढलं की काचेचे मार्गदर्शक खांब, त्यांचे बोल्ट आणि वरचे अटकाव दिसतात. काहीही सैल करण्याआधी प्रत्येक बोल्टभोवती पेंट मार्करने खूण करा. फसलं तर परत यायला जागा हवी. तीन गोष्टी जुळवायच्या: काच किती वर जाते, पुढे-मागे कुठे थांबते आणि आत किती झुकते. उंची अटकावांवर ठरते, झुकाव मार्गदर्शकांच्या खालच्या टोकांवर. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी कागदाची परीक्षा घ्या.

उद्देश असा की दार बंद झाल्यावर काचेने रबर दोन-तीन मिलिमीटर दाबावं. ‘जास्त दाबलं तर जास्त चांगलं’ हा इथला नेहमीचा गैरसमज. काच फार आत झुकवली तर दार बंद होताना तिची वरची कड पट्टीच्या ओठाला खाली मुडपते आणि काही महिन्यांत पट्टी त्याच रेषेवर कापली जाते. नव्या रबरावर आडवी चीर दिसली तर रबराच्या कंपनीला दोष देऊ नका, काच बघा. विजेवरच्या काचा वर पोचेपर्यंत धापा टाकत असतील तर खाचांतलं वाळलेलं ग्रीस साफ करून नवं भरा. अर्ध्या सेंटीमीटरने खाली राहिलेली काच कितीही नीट जुळवली तरी उपयोगाची नाही.

आता रबर

या पट्ट्या सच्छिद्र रबराच्या असतात, वर गुळगुळीत साल आणि आत बंद बुडबुडे. वर्षानुवर्षं दबून त्या चपट्या होतात आणि सोडल्यावर परत फुगत नाहीत. नखाने दाबा, खड्डा तसाच राहिला, किंवा साल फुटून आतला स्पंज दिसला, तर पट्टी बाद. स्पंज उघडा पडला की तो पाणी पितो आणि पाऊस थांबल्यावरही तासभर ठिबकत राहतो. रबर मऊ आणि अखंड असेल तर मात्र बदलू नका. जुनं मूळ रबर कित्येकदा आजच्या स्वस्त नकलेपेक्षा चांगलं असतं.

नवा सेट घेताना कोपरे साच्यात घडवलेले आहेत का ते बघा. सरळ पट्टी वाकवून केलेला कोपरा कधीच बसत नाही. पार्सल उघडल्यावर पट्ट्या दिवसभर उन्हात पसरून ठेवा, घड्या निघतात. मग चिकट काही न लावता पूर्ण पट्टी जागेवर बसवून बघा: कोपरे आधी, मधली लांबी नंतर. लांबी कमी पडतेय म्हणून ताणू नका. ताणलेलं रबर आखडतं आणि सहा महिन्यांनी नेमके कोपरे उघडे पडतात. उलट तीन ते पाच मिलिमीटर जास्तीची लांबी मध्ये दाबून बसवा.

जुना चिकटा काढणं हे खरं कष्टाचं. प्लॅस्टिकची पट्टी, चिंध्या आणि मिनरल स्पिरिट किंवा चिकटा काढायचं द्रावण. अ‍ॅसिटोन रंगाला लागू देऊ नका; जुन्या लॅकरच्या रंगावर तर एक थेंबही पुरतो. खाचेत उघडं स्टील दिसलं तर गंज घासून प्रायमर मारा आणि वाळू द्या.

चिकटवायला थ्रीएमचं वेदरस्ट्रिप अ‍ॅडहेसिव्ह. पिवळं ०८००१, काळं ०८००८. काळंच घ्या, कडेने बाहेर आलेला पिवळा फराटा आयुष्यभर डोळ्यांत खुपतो. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर, बोट लावल्यावर तार येईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून एका वेळी पंधरा-वीस सेंटीमीटरच करा. एक ट्यूब बहुधा पुरते. दुसरी जवळ असू द्या. टोकांचे स्क्रू गंजलेले असतील तर स्टेनलेसचे घाला आणि प्रत्येकाच्या आट्यांवर थोडं सीलंट लावा, स्क्रूचं भोक हीसुद्धा वाटच असते. मग रबर आणि काचेच्या मध्ये मेणकागद ठेवून पॅनेल बसवा, दार बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. मेणकागद विसरलात तर सकाळी दार रबरासकट उघडेल.

सिलिकॉन सीलंटबद्दल एकदाच आणि स्पष्ट: नको. व्हिनेगरचा वास येणारा प्रकार वाळताना आम्ल सोडतो आणि त्याखाली स्टील गंजतं. त्याचा पुसट थर राहिला तरी पुढे ना चिकटा धरत ना रंग.

नवी पट्टी घट्ट असते. दार ढकलून लावावं लागेल, काच वर जाताना रबरावर घासेल. दोन आठवडे काहीही बदलू नका. रबर दबून आपला आकार घेतं. त्यानंतर कागदाची परीक्षा पुन्हा, आणि गरज असेल तरच काचेला हात. पट्टीवर वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळायचं, अगदी पातळ. व्हॅसलीन, इंजिन ऑइल किंवा डब्ल्यूडी-४० चालत नाही, पेट्रोलियमच्या तेलाने हे रबर फुगतं आणि सैल होतं.

फायरबर्ड आणि कमॅरोवाल्यांसाठी

अशाच छताच्या पॉन्टियाक फायरबर्डला १९७६ मध्ये हर्स्ट कंपनीचे काचेचे हॅच, म्हणजे छताची निघणारी पॅनेल, आले. ते गळण्यासाठीच प्रसिद्ध होते. १९७८ मध्ये जनरल मोटर्सच्या स्वतःच्या फिशर बॉडी या बॉडी बनवणाऱ्या विभागाची मोठी पॅनेल आली. दोन्हींची पॅनेल आणि रबरं एकमेकांना बसत नाहीत, तेव्हा १९७८ च्या गाडीसाठी नुसतं साल सांगून ऑर्डर देऊ नका, आधी काच मोजा. १९८२ ते १९९२ च्या फायरबर्ड आणि कमॅरोत पट्ट्या धातूच्या खाचेत बसतात आणि ती खाच बॉडीला स्क्रूने लागते. इथे पाणी रबरावरून नव्हे तर खाचेच्या खालून येतं. खाच काढा, जुनं मटेरियल खरवडा, खाली थ्रीएमची स्ट्रिप-कॉक, ०८५७८, ही काळी, न वाळणारी दोरी सलग अंथरा, स्क्रूच्या भोकांभोवती थोडी जास्त, आणि मग खाच परत आवळा. रबर जुनंच ठेवलं तरी पुष्कळदा गळती इथेच थांबते.

ओल काढताना

गालिचा वरून कोरडा लागला तरी त्याखालचं तागाचं अस्तर पाणी धरून ठेवतं. ते वाळवत बसू नका, फेकून नवं घाला. सी-थ्रीचा तळ फायबरग्लासचा, तो कुजत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात; पण उंबऱ्यातला सांगाडा स्टीलचा आहे, आणि १९७६ पासून तळाचा काही भागही स्टीलचा झाला. सीट काढा, सगळं उघडं ठेवून पंखा आणि डीह्युमिडिफायर दोन-तीन दिवस चालवा. गालिचा परत घालण्याआधी नळीची परीक्षा पुन्हा एकदा पूर्ण करा, त्याच क्रमाने, खालून वर. पॅनेल काढून सीटमागे ठेवाल तेव्हा पट्टे आवळून, रबराची कड कशावर टेकणार नाही अशी ठेवा. एका उन्हाळ्यात बाहेरची कड चपटी होते आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.